राणीमाशी जन्मत नाहीं, पोसली जाते



‘कोंबड्यांत मान ठरलेला, लांडग्यांत सरदार ठरलेला, मग माणसांत उच्चनीच असणारच. पुढारीपण रक्तांतच असावें लागतें,’ असें सांगणारे शहाणे हल्लीं गांवोगांव भेटतात. पूर्वीं हेंच पोथी उघडून सांगत; आतां पोथीच्या जागीं विज्ञान आलें, एवढाच फरक! आम्ही पडलों खेड्यांतले शाळामास्तर. जनावरांस साक्षीला आणलेंच आहे, तर त्यांची उलटतपासणी होऊन जाऊं द्या.

पहिली साक्ष कोंबडीची. कळपांत कोणी कोणास टोंचावें याचा क्रम असतो, हें नॉर्वेचे श्येल्डेरुप-एब्बे यांनीं 1922 सालीं छापून दाखविलें. खरें आहे. परंतु हा क्रम कोंबडी अंड्यांतून घेऊन येत नाहीं. खुराड्यांत चार नव्या कोंबड्या सोडा, कीं टोंचाटोंची पुन्हां पहिल्यापासून! एका खुराड्यांतली पाटलीण दुसऱ्यांत तळाला जाते. आमच्या मायबहिणींस हें सांगावयास नको.

दुसरी साक्ष लांडग्याची. 1947 सालीं रुडॉल्फ शेंकेल यांनीं स्वित्झर्लंडांत बाझेलच्या प्राणिसंग्रहालयांतले कोंडलेले लांडगे पाहून त्यांच्या वर्चस्वाच्या झुंजी लिहिल्या. अमेरिकेचे डेव्हिड मीच यांनीं 1970 च्या ग्रंथांत तेंच मांडलें, आणि ‘अल्फा’ पुढारी जगभर गाजला. पुढें याच गृहस्थांनीं कॅनडाच्या एल्समीर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षें पाहिले, आणि 1999 सालीं लिहिलें कीं, रानांतली टोळी म्हणजे बहुधा एक कुटुंब. पुढारी म्हणजे पिलांचे आईबाप! पिलें मोठीं झालीं, कीं जोडीदार शोधून आपलें बिऱ्हाड थाटितात आणि स्वतः पुढारी होतात. कोंडवाड्यांतलें भांडण निसर्गाचा कायदा म्हणून खपलें, तें असें!

तिसरी साक्ष मधमाशीची. सातेरीच्या पोळ्यांत राणी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यांतून निघतात. पहिले तीनेक दिवस दोघींसही तरुण माश्यांच्या डोक्यांतील ग्रंथींतून पाझरणारें दुधाळ अन्न मिळतें. मग कामकरी अळीच्या वाट्यास मध आणि पराग. राणी व्हावयाच्या अळीस मात्र शेवटपर्यंत तेंच राजान्न, आणि वाढावयास ऐसपैस कोठडी. एवढ्यानें एक कांहीं वर्षें जगते, दुसरी हंगामांत सहा आठवड्यांत झिजून मरते. राणी अचानक मेली, तर माश्या एखाद्या साध्या कोंवळ्या अळीसच राजान्न चारून नवी राणी करितात!

आतां सांगा, साक्ष कोणाच्या बाजूची पडली?

कुवत माणसागणिक कमीजास्त असते, हें वर्गांत शिकविणाऱ्या आम्हांस ठाऊक आहे. आईबापांकडून कांहीं उतरतेंही. पण ती कुवत जात, आडनांव किंवा वाडा पाहून उतरत नाहीं. ज्याच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या दूध, दिवा आणि पुस्तक होतें, त्यानें मजुराच्या पोरास ‘तुझ्या रक्तांतच नाहीं’ म्हणावें, हें राजान्न खाऊन अंड्याची फुशारकी मारणें झालें!

1993 सालीं 73 वी घटनादुरुस्ती अंमलांत आली आणि ग्रामपंचायतींत बायकांस किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. तो कायदा होईतों किती कर्त्या बाया चुलीपुढेंच राहिल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

म्हणून बंधुभगिनींनो, घरांतला दुधाचा पेला पोराइतकाच पोरीच्याही हातीं द्या. सुगीच्या दिवसांत लेंकरूं शाळेंतून काढूं नका. आणि ग्रामसभेंत खुर्चीवरच्याचें कूळ विचारूं नका; त्यानें काय केलें तें विचारा.