राँग साइडने मस्कत!



मस्कतला आठ वर्षं संसार करून आम्ही तळोज्यात राहायला आलो, तेव्हा वाटलं, आपल्याच माणसांत आलो, आता कसली अडचण? घर लागलं, शेजार जमला, दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवण्याची नोकरीही मिळाली. पण रस्ता मात्र काही केल्या माझा होईना!

तिकडे झेब्रा पट्ट्यांवर पाय ठेवला की गाड्या थांबायच्या. इथे पाय ठेवला की हॉर्न वाढतात! औद्योगिक वसाहतीकडे निघालेले ट्रेलर, खच्चून भरलेल्या रिक्षा आणि राँग साइडने थेट अंगावर येणारे स्कूटरवाले. वर डोळे आपल्यावरच वटारणार! घरी येऊन मी रोज तणतणायची.

एके सकाळी चिरंजीवांच्या शाळेला उशीर झाला. वळण पार लांब, शाळा मात्र समोर दिसत होती. "आजच्या दिवस" म्हणत मीच स्कूटर उलट्या बाजूला घातली. मागून प्रश्न आला, "आई, आपण परत मस्कतला आलो का गं?" तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात ना! मी हसणार, तोच समोर टेम्पो. ब्रेक वेळेवर लागले म्हणून निभावलं. टेम्पोवाल्याने मला जे सुनावलं, तेच मी रोज मनातल्या मनात दुसऱ्यांना सुनावत होते. हातपाय कितीतरी वेळ थरथरत होते.

त्या दिवसापासून दुसऱ्यांना सुधारायचं सोडलं आणि स्वतःसाठी चार नियम केले. तुम्हालाही उपयोगी पडतील.

रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहायचं. माझी मान सवयीने डावीकडे वळायची! आणि राँग साइडवाल्यांसाठी दुसरीकडेही पाहायचंच.

ट्रेलरच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. डावीकडे वळण्यापूर्वी तो आधी उजवीकडे सरकतो. त्या मोकळ्या जागेत स्कूटर मुळीच घुसवू नका.

हॉर्नचा राग मानायचा नाही. ट्रकमागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात 2015 सालीच बंदी आली, सवय मात्र राहिली. बहुतेकदा त्याचा अर्थ 'मी आहे हं मागे' एवढाच असतो.

मागे बसलेल्या मुलालाही हेल्मेट हवंच. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्यानेच ते सक्तीचं आहे.

बेलापूरला जायचं असेल, तर मी स्कूटर काढतच नाही. 17 नोव्हेंबर 2023 पासून पेंधर ते बेलापूर मेट्रो सुरू आहे. अकरा स्थानकं, डोक्याला ताप नाही!

आणि खरं सांगू? सगळं मूळ त्या दहा मिनिटांच्या उशिरात होतं. आता डब्याची भाजी रात्रीच चिरून ठेवते, गणवेश खुंटीला तयार असतो. लांबचं वळण मग लांब वाटत नाही.

राँग साइडवाले अजूनही येतातच. पण हल्ली मी तणतणायच्या आधीच मागून आवाज येतो, "आई, ते बघ, निघाले मस्कतला!"