जनरेटर घ्यायचा तर हिशेब करून घ्या



एप्रिल 2024 पासून शासनाने साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत केली. बिल माफ झाले म्हणून डीपी जळायची थांबली नाही. डीपी जळाली की पाणी बंद, आणि पोसायला लागलेला कांदा थांबत नाही. मग शेतकरी उसनवारी करून जनरेटर आणायला निघतो. तिथेच तो दुसऱ्यांदा नागवला जातो.

आम्हीही नागवले गेलो. पाच एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅट, असे गणित मांडून पाच केव्हीएचा थ्री फेज संच आणला. बटण दाबताच इंजिन दबले, मोटार नुसती गुणगुणली. पदवी शेतकीची, पण शहाणपण त्या दिवशी आले.

मोटार सुरू होताना चालू असतानाच्या सहापट करंट ओढते. पाच एचपीची मोटार चालताना सुमारे सहा केव्हीए घेते, पण साध्या स्टार्टरवर तिला उठवायला बारा ते पंधरा केव्हीएचा संच लागतो. स्टार डेल्टा स्टार्टरने सुरुवातीचा करंट एक तृतीयांशावर येतो, मग दहा केव्हीए पुरतो. मात्र त्यासाठी मोटारीला सहा वायरी हव्यात. हातात उचलून नेण्याचा सिंगल फेज संच दिव्यांपुरता, थ्री फेज पंपासाठी नव्हे.

दुकानदार म्हणेल, पंचवीसचाच घ्या. घेऊ नका. फार कमी लोडवर डिझेल इंजिनात काजळी धरते, डिझेलही वाया जाते.

लिटरभर डिझेलला फार तर तीन-साडेतीन युनिट वीज निघते. पाच एचपीचा पंप तासाला साडेचारच्या वर युनिट खातो. म्हणजे आठ तासांना किमान दहा-बारा लिटर. हा खर्च एकट्याने पेलण्यासारखा नाही. चौघांनी मिळून ट्रॉलीवरचा एक संच घ्यावा, पंप पाळीने चालवावेत. मग चार पंपांची बेरीज करायची नाही, सर्वांत मोठ्या एका पंपाचे माप धरायचे.

चेंजओव्हर स्विचशिवाय संच जोडू नका. करंट उलटा लाईनवर गेला, तर खांबावरच्या वायरमनचा जीव जातो. तोही आपल्यातल्याच कुणाचा पोरगा.

वीज देणे ज्यांचे काम, त्यांच्या नाकर्तेपणाचा हा दंड आपण भरतो आहोत. निदान मोजून भरू. डिझेलचा प्रत्येक लिटर उत्पादन खर्चाच्या वहीत लिहा, आणि ती वही घेऊन जिल्हा बैठकीला या.