बाहेरचा हात आणि आतली फट

गेल्या महिन्यातली गोष्ट. जुम्याची नमाज झाली आणि आम्ही चार-पाच जण नेहमीप्रमाणे म्हसवडच्या बाजारपेठेत चहाला थांबलो. कुणीतरी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर फिरत होता. गेल्या शंभर वर्षांत जगात जेवढी सरकारे उलथली, जेवढ्या लढाया झाल्या, एवढेच काय, जेवढे भूकंप झाले, ते सगळे अमेरिका, ब्रिटन आणि इस्राएलच्या गुप्तहेर संस्थांनी घडवले, असा त्याचा सूर होता. लहानपणापासून मला ओळखणारे एक चाचा म्हणाले, "बघा मास्तर, आपलं काही चुकतच नाही. सगळं बाहेरून होतंय." मी हसलो. उत्तर दिले नाही.

त्याच आठवड्यात दहिवडीहून एसटीने येत होतो. शेजारच्या गृहस्थांशी पावसापासून पेन्शनपर्यंत गप्पा झाल्या. मग त्यांनी माझे नाव विचारले. नाव ऐकल्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, "राग मानू नका सर, पण तुमच्या लोकांचे धागे बाहेर जुळलेले असतात." इथेही मी हसलो. पण हे हसणे वेगळे होते.

घरी आल्यावर लक्षात आले की चाचांचे आणि त्या गृहस्थांचे वाक्य एकच होते, 'बाहेरचा हात आहे.' एक जण ते बोलून स्वतःला मोकळे करत होता, दुसरा मला आरोपी करत होता. पुरावा दोघांकडेही नव्हता आणि दोघांनाही त्याची गरज वाटत नव्हती.

मी काही इतिहासाचा शिक्षक नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण सोमवारी चाचांच्या नातवाने वर्गात उभे राहून विचारले, "सर, दुसऱ्या देशातली सरकारं हेर खरंच पाडतात का?" तेव्हा टाळणे बरे दिसले नसते. मी म्हणालो, "पाडतात. पण त्यासाठी आधी तेहरानला जायला नको. आधी साताऱ्याला जाऊ."

आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी काय घडले ते आपल्यालाच नीट माहीत नसते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्याच्या गादीवर बसवले. २५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. राजा छत्रपतींच्या घराण्याचा, पण दरबारात कंपनीचा रेसिडेंट. तेव्हा सीआयए नव्हती. तिचे काम हा रेसिडेंट करायचा. वाड्यात कोण आले, कुणाचे पत्र गेले, कुणाचे कुणाशी बिनसले, हे सगळे त्याच्याकडे पोचत असे.

प्रतापसिंह हा काही चैनी राजा नव्हता. त्याने शाळा काढली, छापखाना आणला, रस्ते केले, साताऱ्याला पाणी आणले. १८३५ साली लंडनच्या संचालकांनी खूश होऊन त्याच्यासाठी रत्नजडित तलवार पाठवायचे ठरवले. ती तलवार त्याच्या हाती कधी आलीच नाही. कारण मधल्या काळात तो कंपनीच्या मुंबई सरकारला नकोसा झाला होता. भांडण जहागिरींवरून होते. फलटण, औंध, भोर, जत, अक्कलकोट आणि वाईचे शेख मिरा यांच्या जहागिरींवर हक्क कुणाचा, राजाचा की कंपनीचा? राजा तहावर बोट ठेवून बोलत होता. जो तह वाचून बोलतो, तो राजा सोयीचा नसतो.

मग १८३६ साली चौकशी निघाली. आरोप तीन. राजाने कंपनीच्या पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना फोडायचा प्रयत्न केला. त्याने गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले. आणि नागपूरचे पदच्युत राजे अप्पासाहेब भोसले यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार केला. हे अप्पासाहेब तेव्हा राज्य गमावून जोधपूरला आश्रयाला होते. गंमत बघा. सात समुद्र ओलांडून आलेले सरकार इथल्या राजाला म्हणते आहे की तुझे परक्यांशी संबंध आहेत.

चौकशी गुप्त होती. राजाला पुराव्याच्या नकला दिल्या नाहीत, साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले नाहीत. गोव्याच्या कटाची म्हणून जी कागदपत्रे होती, ती रेसिडेंट ओव्हन्सने पैसे मोजून मिळवली होती. दिवाण गोविंदराव कैदेत असताना त्यांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या नावाने एक अर्ज सरकारकडे गेला. त्यात राजाविरुद्ध कबुली होती. पुढे बाहेर आले की तो अर्ज गिरजाबाईंचा नव्हताच, तो कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने लिहिला होता. हे समजल्यावरही ओव्हन्सने ते दाबून ठेवले. चौकशीत बसलेला जनरल लॉडविकच पुढे लंडनमध्ये राजाच्या बाजूने उभा राहिला.

पण तोवर काम झाले होते. १८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅक साताऱ्याला आला. त्याने राजापुढे कागद ठेवला. यावर सही करा, चूक मान्य करा, गादी तुमची. प्रतापसिंहांनी सही केली नाही. न केलेला गुन्हा कबूल करून मिळणारे राज्य त्यांना नको होते. सप्टेंबरात एका रात्री वाड्याला कंपनीच्या सैन्याचा वेढा पडला. राजाला बाहेर काढून लिंब गावी नेले, तिथून काशीला. १८४७ साली ते तिथेच वारले. गादीवर धाकटा भाऊ अप्पासाहेब, म्हणजे शहाजी, याला बसवले होते. १८४८ साली तोही वारला आणि डलहौसीने वारस नाही असे म्हणत अख्खे राज्यच खालसा केले. ज्याने भावाची गादी घेतली, त्याच्या दत्तकालाही ती मिळाली नाही.

आपल्या वाचकांसाठी एक नाव मुद्दाम सांगतो. छत्रपतींची बाजू मांडायला लंडनला जे वकील गेले, त्यांत मीर अफझल अली होते. त्यांनी तिथे इंग्रजीत पत्रके काढून राजाची बाजू लोकांपुढे ठेवली. रंगो बापूजी गुप्ते तर चौदा वर्षे लंडनमध्ये झगडत राहिले. १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. एसटीतल्या त्या गृहस्थांना मी हे सांगायला हवे होते.

आता तेहरान. मोहम्मद मोसाद्देक १९५१ साली इराणचे पंतप्रधान झाले. त्याच वर्षी इराणच्या तेलाचे राष्ट्रीयीकरण झाले. तोवर ते तेल एका ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात होते. तिचेच नाव पुढे ब्रिटिश पेट्रोलियम झाले. ब्रिटनने तेलाची नाकेबंदी केली. ती पुरली नाही तेव्हा ब्रिटनच्या एमआय-६ ने अमेरिकेच्या सीआयएला सोबत घेतले. एप्रिल १९५३ मध्ये तेहरानच्या सीआयए केंद्राला १० लाख डॉलर मंजूर झाले.

हे पैसे कुठे गेले ते बघण्यासारखे आहे. संपादक विकत घेतले गेले. मोसाद्देकविरुद्ध लेख आणि व्यंगचित्रे सीआयएने स्वतः तयार करून छापवली. खासदार आणि लष्करी अधिकारी फोडले. भाडोत्री माणसे कम्युनिस्ट असल्याचे सोंग घेऊन मौलवींना धमक्या देत होती, म्हणजे धार्मिक लोक आपोआप सरकारविरुद्ध जातील. १५ ऑगस्टच्या रात्री पहिला प्रयत्न फसला आणि शहा आधी बगदादला, मग रोमला पळाला. १९ ऑगस्टला जमाव रस्त्यावर आला, मागे रणगाडे आले आणि सरकार पडले. जनरल झाहेदी पंतप्रधान झाले. मोसाद्देकना तीन वर्षे तुरुंग आणि नंतर १९६७ मध्ये मरेपर्यंत अहमदाबाद नावाच्या आपल्या खेड्यात नजरकैद. तेलाचा वाटा १९५४ मध्ये ठरला. ४० टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीला, ४० टक्के अमेरिकन कंपन्यांना, उरलेला इतरांना.

हा अंदाज नाही, व्हॉट्सॲपवरचा मजकूरही नाही. कट आखणाऱ्यांपैकी एकाने १९५४ मध्ये लिहिलेला अहवाल २००० साली न्यूयॉर्क टाइम्सने छापला आणि २०१३ मध्ये सीआयएच्या कागदांतून कबुलीही बाहेर आली. म्हणजे चाचा अगदीच चुकीचे नव्हते.

मग मी चाचांशी सहमत का होत नाही?

मराठीत आपण 'फितूर' म्हणतो. तो शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. उर्दूत 'फुतूर' म्हणजे दोष, बिघाड. मराठीत येता येता त्याचा अर्थ शत्रूला मिळालेला माणूस असा झाला. मला दोन्ही अर्थ एकत्र वाचावेसे वाटतात. बिघाड आधी असतो, फितुरी नंतर येते.

साताऱ्यात ओव्हन्स एकटा काय करणार होता? त्याला बाळाजीपंत नातू मिळाले, ज्यांचे नाव शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवण्याशी जोडले जाते. गादीची आस लागलेला भाऊ मिळाला. दरबारात ब्राह्मण आणि कायस्थ प्रभू यांच्यात वेदोक्ताचा वाद पेटला होता, तोही उपयोगी पडला. आपापसातले हे भांडण इंग्रजांनी लावले नव्हते. ते इथलेच होते, त्यांनी फक्त वापरले.

तेहरानलाही तेच. आयातुल्ला काशानी आधी मोसाद्देक यांच्या बाजूला होते, १९५३ च्या सुरुवातीला वेगळे झाले. स्वतः मोसाद्देक यांनी सार्वमत घेऊन संसद बरखास्त केली, त्यात होकाराची आणि नकाराची मतपेटी वेगवेगळी ठेवली होती. लोकशाहीवादी माणसाकडून ही चूक झाली आणि विरोधकांना आयते निमित्त मिळाले. रशिदियन बंधू हे तेहरानचेच व्यापारी होते. ब्रिटिशांचा पैसा त्यांच्याच हातून वाटला जात होता. यामुळे सीआयएचा गुन्हा एका पैशाने कमी होत नाही. चोर तो चोरच. पण कडी कुणी काढली हे घरातल्यांनी शोधायचे असते, ते काम चोर करणार नाही.

म्हणून 'सगळं बाहेरून होतंय' हे मला मान्य नाही. आपल्या मुली दहावीनंतर का थांबतात, आपली मुले बारावीला का गळतात, शाळेच्या कमिटीत दोन गट का पडतात, यामागे लँगलीतला कुणी बसलेला नाही. खरे कट सिद्ध करायला कागद लागतात, वर्षे लागतात. प्रत्येक गोष्टीला कट म्हटले की खरा कटही थट्टेचा विषय होतो. मग मोसाद्देकचे नाव घेतले तरी लोक म्हणतात, हे यांचे नेहमीचेच.

आणि एसटीतल्या त्या गृहस्थांचे वाक्य मला का लागले, तेही आता सांगता येते. प्रतापसिंहांवर नेमका हाच आरोप होता, धागे बाहेर जुळल्याचा. आरोप करणारा ताकदवान होता, कागद बनावट होते आणि बाजू मांडायची संधी नव्हती. छत्रपतींच्या वारसावर जे होऊ शकते, ते कुणावरही होऊ शकते. आज कुणा एका समाजाकडे बोट दाखवून 'परकीय हात' म्हणणे सोपे आहे. ज्याने खरोखर गुन्हा केला असेल त्याला कायद्याने शिक्षा व्हावी, तो कुणीही असो. पण नाव ऐकून थांबणे हा पुरावा नव्हे. सूरे हुजुरातमध्ये आपल्याला सांगितले आहे की बातमी आली तर आधी तपासून घ्या, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि पस्तावाल. हे त्या गृहस्थांना लागू आहे, तसे रोज सकाळी मजकूर पुढे ढकलणाऱ्या आपल्यालाही लागू आहे.

वर्गात मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. हे कोण सांगतो आहे? त्याच्याकडे कागद आहे का? आणि कागद असेल तर तो कुणी लिहिला, गिरजाबाईंनी की भिड्यांनी? तिसऱ्या प्रश्नाला मुले हसली, पण वहीत उतरवून घेतले.

पुढच्या जुम्याला चाचा भेटले. म्हणाले, "मास्तर, नातवानं माझा मोबाइल घेतला आणि विचारतोय, कागद कुठाय दादा? काय शिकवलंत त्याला?" मी म्हणालो, "साताऱ्याचा इतिहास, चाचा." त्यांनी चहा मागवला. त्या दिवशी मजकूर कुणी वाचून दाखवला नाही. पाऊण तास आम्ही प्रतापसिंहांबद्दल बोलत बसलो. चाचांना मीर अफझल अलींचे नाव इतके आवडले की त्यांनी ते दोनदा विचारून घेतले. त्यांच्याबद्दल आणखी काही कुठे वाचायला मिळेल का, असे त्यांनी जाताना मला विचारले.