आधी उत्तर, मग फावडं!

खजिन्याचा शोध म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जुना वाडा, फाटका नकाशा आणि हातात कुदळ! पण एक खेळ असा आहे, ज्यात बहुतेक सगळा शोध घरी खुर्चीत बसूनच घ्यायचा असतो. लेखक एखादी मौल्यवान वस्तू खरोखर कुठेतरी लपवतो आणि तिचा पत्ता पुस्तकातल्या चित्रांत किंवा कवितेत दडवतो. कोडं सोडवा आणि खजिना मिळवा!

सोन्याचा ससा

1979 मध्ये इंग्लंडमधले चित्रकार किट विल्यम्स यांचं 'मास्करेड' हे पुस्तक आलं. त्यात 15 चित्रं होती. विल्यम्स यांनी स्वतः घडवलेला सोन्याचा ससा जमिनीत पुरला होता. मेटल डिटेक्टरला चकवण्यासाठी तो भाजलेल्या मातीच्या आवरणात ठेवला होता. लांबच्या वाचकांवर अन्याय नको म्हणून अचूक उत्तर पत्राने पाठवलं तरी चालणार होतं. तरीही लोक नुसत्या अंदाजावर कुठे कुठे खणत सुटले.

उत्तर मात्र चित्रांतच होतं. चित्रातल्या माणसाच्या किंवा प्राण्याच्या डोळ्यापासून हाताच्या सर्वांत लांब बोटावरून आणि पायाच्या अंगठ्यावरून सरळ रेष ओढायची. ती चौकटीवरच्या ज्या अक्षराला लागेल, ते टिपायचं. असे शब्द तयार होत. गंमत म्हणजे, 15 चित्रांतल्या उत्तरांची पहिली अक्षरं जोडली की इंग्रजीत 'एम्पथिलजवळ' असा पत्ता मिळायचा! तिथल्या बागेत राणी कॅथरीनच्या स्मरणार्थ उभारलेला क्रॉस आहे. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी भर दुपारी त्याच्या सावलीचं टोक जिथे पडतं, तिथेच ससा होता.

मग जिंकलं कोण?

1982 मध्ये ससा मिळाला 'केन थॉमस' नावाच्या माणसाला. पण हे नाव खोटं होतं आणि त्याने कोडं सोडवलंच नव्हतं. विल्यम्स यांच्या जुन्या ओळखीतून त्याला जागेचा सुगावा लागला होता. ही लबाडी 1988 मध्ये वर्तमानपत्राने उघडकीस आणली. कोडं खरोखर सोडवलं होतं भौतिकशास्त्राच्या दोन शिक्षकांनी. त्यांनी बागेत खणलंही, पण ससा त्यांच्या हाती लागला नाही. आज मात्र अचूक उत्तर शोधणारे म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं.

जिवापेक्षा खजिना मोठा नाही

अमेरिकेत फॉरेस्ट फेन यांनी रॉकी पर्वतांत खजिन्याची पेटी लपवली आणि 2010 मध्ये 24 ओळींच्या कवितेतून खुणा दिल्या. 2020 मध्ये पेटी वायोमिंग राज्यात सापडली. पण तोवर शोधाच्या नादात किमान पाच जणांनी प्राण गमावले होते. पेटी लपवताना आपण ऐंशीच्या घरात होतो, तेव्हा धोक्याच्या जागी जाऊ नका, असं फेन सांगत होते. म्हातारा माणूस ओझं घेऊन जिथे पोहोचणार नाही, तिथे खजिना कसा असेल? ही सर्वांत सोपी खूणच अनेकांच्या नजरेतून सुटली.

घरी खेळून बघा

या रविवारी मुलांसाठी असाच खेळ मांडा. तीन चिठ्ठ्या कढईत, पातेल्यात आणि टबात लपवा. प्रत्येक चिठ्ठीत पुढच्या वस्तूचं कोडं लिहा. पहिलं कोडं मुलांच्या हातात द्या आणि शेवटच्या चिठ्ठीत लिहा, 'आता सापडलेल्या वस्तूंची पहिली अक्षरं जोडा.' क, पा, ट... खाऊ कपाटात!

ती अक्षरं जुळली की मुलं कपाट उघडण्याआधीच ओरडतील, "सापडलं!" खऱ्या उत्तराची हीच ओळख आहे. ते ओढूनताणून बसवावं लागत नाही, सगळ्या खुणा आपोआप जुळतात. जुळत नसतील, तर फावडं खाली ठेवा आणि पुन्हा खुर्चीत बसा. खजिना कुठेही पळून जात नाही!