खारं पाणी तळातून शिरतं!

नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारला प्रवरेचा पूल लागतो. त्या पुलाखालचं पाणी पुढे प्रवरासंगमला गोदावरीत मिसळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. नदी समुद्राकडे जाते हे आपल्याला ठाऊक आहे. पण समुद्रही नदीत शिरतो, हे कोल्हारच्या मुलांना कुठून दिसणार? त्यासाठी कोकणात किंवा गोव्यात जायला हवं. तिथे भरती आली की समुद्राचं पाणी खाडीतून आत चढतं. ते भाताच्या शेतात शिरलं, की पीक जातं आणि मीठ जमिनीतच राहतं.

गोव्यात खाडीकाठच्या अशा सखल शेतांना ‘खाजन’ म्हणतात. भोवती मातीचे बांध आणि बांधात ‘मानस’ नावाचं दार. हे दार भारी हुशार! ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतं. वीज नको, मोटर नको. आपल्या कोकणात अशा दाराला ‘उघाडी’ म्हणतात. ही युक्ती शेकडो वर्षांची आहे.

शेताचं ठीक आहे हो, भरतीला दार मिटून घेतलं की झालं. पण दारातून जहाज न्यायचं असेल तर? जहाजांच्या कालव्याला एक दार पुरत नाही. तिथे दोन दारांमध्ये एक लांबलचक हौद असतो, त्याला ‘लॉक’ म्हणतात. समुद्राकडचं दार उघडून जहाज हौदात घ्यायचं, ते दार लावायचं, हौदातलं पाणी कालव्याच्या पातळीला आणायचं आणि मग आतलं दार उघडायचं. दोन्ही दारं एकदम कधीच उघडत नाहीत. तरी मीठ आत जातंच! कसं?

घरी करून पाहा. काचेचा ग्लास अर्धा साध्या पाण्याने भरा. वाटीभर पाण्यात तीन-चार चमचे मीठ विरघळवा आणि शाईचे दोन थेंब टाका. हे निळं पाणी ग्लासच्या कडेने अगदी हळूहळू ओता. ढवळू नका हं! निळं पाणी तळाशी जाऊन बसेल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणून ते गोड्या पाण्याहून जड असतं. लॉकचं आतलं दार उघडलं, की हौदातलं खारं पाणी तळातून कालव्यात सरकतं आणि वरून गोडं पाणी हौदात येतं. लॉक जितकं मोठं, तितकं मीठ जास्त.

नेदरलँड्समध्ये आयमाउडेनला २०२२ साली ५०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद लॉक सुरू झालं. ॲमस्टरडॅमकडे जाणारी जहाजं त्यातून जातात. एवढ्या मोठ्या हौदातून किती मीठ आत येईल! मग इंजिनिअरांनी कालव्याचं पाणी समुद्रात सोडायच्या वाटेवर एक भिंत बांधली. तिला फट ठेवली ती तळाशी. वरचं गोडसर पाणी अडतं, खालचं जड खारं पाणी तेवढं बाहेर जातं. तुमच्या ग्लासातलं निळं पाणी तळातून नळीने ओढून घ्यावं, तसंच. काही लॉकमध्ये तळाच्या पाइपातून हवा सोडून दाराशी बुडबुड्यांचा पडदाही करतात.

पनामा कालव्याची अडचण मात्र वेगळीच. तिथे जहाजं सुमारे २६ मीटर वर चढून गाटून तलावात येतात. तलाव पावसाच्या पाण्याचा, आणि त्यातूनच पनामा सिटीला पिण्याचं पाणी जातं. २०१६ साली तिथे नवी मोठी लॉक्स झाली. प्रत्येक खेपेला खर्च होणारं गोडं पाणी वाचावं म्हणून शेजारी टाक्या बांधल्या. सुमारे ६० टक्के पाणी त्यांतून पुन्हा वापरलं जातं. केवढी बचत! पण तेच पाणी फिरून वर येतं, तसं त्याच्याबरोबर मीठही वर चढतं. तलावाचा खारेपणा वाढला. तो घालवायचा तर गोडं पाणी जास्त सोडायला हवं. आणि २०२३ साली पाऊस इतका कमी पडला, की पाणी वाचवायला कालव्यातून रोज सोडायच्या जहाजांची संख्याच कमी करावी लागली.