‘घरबसल्या’ या शब्दाला माझी हरकत आहे

गोधड्या शिवणाऱ्या, कापड रंगवणाऱ्या बाईला सल्ला देणारे खूप भेटतात. ‘हात छान आहे तुमचा. घरबसल्या उद्योग सुरू करा. फावल्या वेळात चार पैसे सुटतील, छंदही जोपासला जाईल.’ बचत गटाच्या प्रशिक्षणात, महिला मेळाव्यात, महिला दिनाच्या पुरवण्यांत हेच ऐकू येतं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण घरबसल्या, फावला वेळ आणि छंद या तीन शब्दांनी बाईच्या मजुरीची जी वाट लावली आहे, ती एखाद्या लबाड व्यापाऱ्याला एकट्याने जमली नसती.

मी गोधड्या शिवून आणि कापड रंगवून विकते, म्हणून हिशेबानेच बोलते. एका माणसाची गोधडी घ्या. सहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. दोन ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर धरलं तर १०८ ओळी होतात, म्हणजे ६४८ फूट धावदोरा. तोही चार थरांतून. सहा फुटांच्या एका ओळीला माझा अर्धा तास जातो. नुसत्या टाक्यांचे ५४ तास झाले. त्याआधी जुनी पातळं धुणं, विरलेला भाग कापून काढणं, थर अंथरून कच्चे टाके घालणं आणि शेवटी काठ दुमडून शिवणं यांचे आठ तास. वरचं कापड रंगवायचं तर आणखी सहा. एकूण ६८ तास.

शहरातल्या एका दुकानाने अशा गोधडीचे मला १८०० रुपये देऊ केले. कापड, दोरा, रंग, गॅस यांचे ५०० वजा केले की राहतात १३००. ताशी १९ रुपये. आठ तासांचा दिवस धरला तर १५२ रुपये. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २९७ रुपये ठरलेली होती. ती मजुरी काही फार मोठी नव्हे. पण माती उचलण्याच्या कामाला सरकारने जो दर लावला, त्याच्या जेमतेम निम्मा दर माझ्या हातातल्या कसबाला. आणि दुकानात त्याच गोधडीवर चिठ्ठी ६५०० रुपयांची!

मी भाव वाढवून मागितला तेव्हा उत्तर मिळालं, ‘ताई, तुम्ही तर घरीच असता!’

सगळी गोम या एका वाक्यात आहे. घरी असणारी बाई रिकामी असते, तिच्या वेळेला किंमत नसते आणि तिला मिळतील ते पैसे वरकमाईच, असा हा हिशेब. आंध्रातल्या नरसापूरला लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास मारिया मीस यांनी केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झालं. त्या बायकांची लेस परदेशी जात होती, निर्यातदार श्रीमंत होत होते. पण बायकांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. त्या ‘गृहिणी’, आणि त्यांचं काम म्हणजे फावल्या वेळाचा उद्योग. एकदा गृहिणी म्हटलं की मजुरी, कामाचे तास, आजारपणाची रजा यांतलं काहीच द्यावं लागत नाही. नरसापूरची लेस आणि आपली गोधडी यांत टाका वेगळा आहे, युक्ती तीच.

आणि फावला वेळ कुणाचा? स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं, म्हाताऱ्यांची औषधं, मुलांचा अभ्यास एवढं उरकल्यावर दुपारचा तास-दीड तास मिळतो, तो बाईच्या पाठ टेकण्याचा वेळ असतो. ऑर्डर मोठी असेल तर रात्रीची झोप जाते. त्यातही भागलं नाही तर घरातल्या मुलीला हाताशी घेतलं जातं. सुया ओवून दे, थर धर, काठ दुमड. मुलाला कुणी हे सांगत नाही. म्हणजे एका बाईच्या स्वस्त श्रमावर दुसरीचे फुकट श्रम.

रंगाच्या कामात तर वेळेबरोबर अंगही झिजतं. नॅप्थॉलच्या रंगाला कॉस्टिक सोडा लागतो. तो कातडी जाळतो. सोडा पाण्यात हळूहळू सोडायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. रंगाचं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी. कर्करोगाला कारण होणारे घटक सोडणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंदी घातली आणि भारताने १९९७ मध्ये अशा रंगांच्या वापराला मनाई केली. पण सुट्या पुडीतल्या रंगावर नाव लिहिलेलं नसतं. तीन दिवसांच्या शिबिरात बाईला रंगसंगती शिकवतात, हातमोज्यांची गोष्ट राहून जाते. कारखान्यात निदान तपासणीला यायचा अधिकार तरी कुणाला असतो. स्वयंपाकघरात कोण येणार?

‘एवढा त्रास आहे तर करता कशाला?’ असं कुणी विचारेल. आवडतं म्हणून करते. डाळिंबाच्या सालीचा पिवळा, तुरटी लावलेल्या कापडावर मंजिष्ठेचा लाल, हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लोखंडाचं पाणी पडताच उमटणारा काळा. निळीच्या कुंडातून हिरवट निघालेलं कापड वारा लागून डोळ्यांदेखत निळं होतं, ते पाहण्याचा आनंद जुना होत नाही. पण डॉक्टरला डॉक्टरकी आवडते, गवयाला गाणं आवडतं, म्हणून त्यांची फी कुणी कापत नाही. आवड हे मजुरी कमी देण्याचं कारण फक्त बाईच्या बाबतीतच कसं होतं?

दुसरी सबब जास्त गोड आहे: ‘गोधडी म्हणजे आजीची माया. मायेचं मोल कसं करणार?’ नातवासाठी शिवलेल्या गोधडीचं मोल कुणीच करू नये. पण दुकानात मायेची ऊब म्हणून जाहिरात होते आणि त्या उबेचे पैसे दुकानदार रोख मोजून घेतो. माया फक्त शिवणारीकडेच बिनमोल का राहावी?

‘भाव वाढवला तर माल कोण घेणार?’ हा प्रश्न मात्र खरा आहे. मी जास्त मागितले तर दुकानदार पलीकडच्या गल्लीतल्या गरजू बाईकडे जाईल, आणि ती बाराशेला तयार होईल. तिला दोष देऊन उपयोग नाही. एकेकटीने भाव ठरवणं म्हणजे एकेकटीने हरणं. विडी कामगार बायकाही घरीच बसून विड्या वळत होत्या. तरी १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं. काम घरात होतं म्हणून ते काम राहत नाही असं नाही, हे या देशाच्या कायद्याने तेव्हाच मान्य केलं होतं. घरी राहून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो मंजूर केलेला नाही. आपण तो मागायला हवा.

तोवर हातात आहे ते करू या. प्रत्येकीने वही घालावी आणि तास लिहावेत. घरातली खोली, वीज, पाणी हाही खर्च आहे, तो मांडावा. पैसे स्वतःच्या खात्यावर घ्यावेत. आणि गावातल्या, वस्तीतल्या शिवणाऱ्यांनी एकत्र बसून एक किमान दर ठरवावा, त्याखाली कुणीही सुई उचलायची नाही. आपल्या संघटनांनाही माझं सांगणं आहे. प्रदर्शनात स्टॉल देता, ते चांगलंच आहे. पण प्रशिक्षणात टाका शिकवण्याआधी हिशेब शिकवा, आणि पत्रकांतून ‘घरबसल्या’ हा शब्द काढून टाका.

६४८ फूट टाके घालणारी बाई बसलेली नसते. ती कामावर असते. तिला कामावरच्या माणसासारखे पैसे द्या.