फर्माईश आणि परवाना

गेल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या बंधूंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. रेल्वेतील नोकरी संपल्यापासून ते पाटण्यात राहतात. त्यांच्या मुलीने घरातील जुनी छायाचित्रे गोळा केली, चार मिनिटांची एक चित्रफीत तयार केली आणि तिच्यावर ‘बरसात की रात’ या १९६० च्या चित्रपटातील, बंधूंना अतिशय प्रिय असलेल्या कव्वालीचा तुकडा बसवला. रायपूर आणि टोरांटो येथील नातेवाइकांना ती पाहता यावी म्हणून तिने ती एका व्हिडिओ-मंचावर ठेवली. अर्ध्या तासात तिचा आवाज बंद करण्यात आला. छायाचित्रे सरकत राहिली, गाणे मात्र नाहीसे झाले. सोबत दोन ओळींची सूचना होती: या ध्वनीवर हक्कधारकाने दावा केला आहे. दावा कोणत्या हक्काचा, कोणत्या देशाच्या कायद्यानुसार, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

प्रकरण क्षुल्लक आहे, हे मला मान्य आहे. परंतु हयात फायली वाचण्यात गेलेल्या माणसाला सूचना आली की मूळ कलम उघडून पाहण्याची खोड असते. मी १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडला.

एका चित्रपटगीतात किमान तीन वेगवेगळे हक्क असतात: ध्वनिमुद्रणाचा, चालीचा आणि शब्दांचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. मुद्रिका चित्रपटाच्याच वर्षी बाजारात आली असे धरले, तर या गाण्याचे ध्वनिमुद्रण २०२० च्या अखेरीस सर्वांचे झाले. चाल आणि शब्द यांचा हक्क मात्र कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. संगीतकार रोशन १९६७ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चाल २०२७ संपेपर्यंत संरक्षित आहे. साहिर लुधियानवी १९८० मध्ये गेले, म्हणून शब्द २०४० संपेपर्यंत. एकाच गाण्याच्या तीन तारखा, आणि त्यांतील एक उलटून गेलेली. आमच्या चित्रफितीवरील दावा यांपैकी कशावर होता? ध्वनिमुद्रणावर असेल, तर तो भारतात टिकणारा नव्हता. शब्दांवर असेल, तर टिकणारा होता. पण यंत्राने गाण्याचा जणू अंगठ्याचा ठसा ओळखला आणि तेथेच न्यायनिवाडा संपला.

मी इतिहासाचा विद्यार्थी. म्हणून थोडे मागे जातो. १९५२ मध्ये माहिती व प्रसारण खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. चित्रपटसंगीताने अभिरुची बिघडते अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती, आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी आंदोलन केले नाही. त्यांनी रेडिओ सिलोन लावला. त्याच सुमारास तेथून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. अभ्रकाच्या व्यापारावर वाढलेले, तेव्हा हजारीबाग जिल्ह्यात असलेले झुमरी तलैया हे गाव पुढे देशभर प्रसिद्ध झाले ते केवळ फर्माइशीच्या पत्रांमुळे. त्या जिल्ह्यात नोकरीस असताना अशी पत्रे लिहिणारी माणसे मी पाहिली आहेत. गाणे त्यांनी शेकडो वेळा ऐकलेले असे. त्यांना हवे असे ते गाण्याच्या आधी आपले आणि आपल्या माणसांचे नाव. पुतणीने केलेली चित्रफीत त्या पोस्टकार्डाचीच नात आहे. तेव्हा नाव जोडले जाई, आता चेहरा जोडला जातो.

फरक इतकाच, की त्या फर्माइशीचे दाम रेडिओ केंद्र भरत असे आणि पत्र लिहिणाऱ्यावर कोणी दावा करीत नसे. आपल्या कायद्याने अशी मधली वाट वेळोवेळी शोधली आहे. गायलेले गाणे नव्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित करायचे असेल तर सूचना द्या, मानधन भरा, असा मार्ग कायद्यात होता. ऐंशीच्या दशकातील स्वस्त कॅसेटचा पसारा बराचसा त्यावर उभा राहिला. २०१२ च्या दुरुस्तीत अटी कडक झाल्या, मार्ग राहिला. त्याच दुरुस्तीने रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी ‘३१-ड’ हे कलम आणले: परवानगी मागत बसू नका, ठरवून दिलेला मोबदला द्या. इंटरनेटला हे कलम लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. कायद्याची भाषा पाहता तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. प्रसारण म्हणजे काय हे ठरवण्याचे काम संसदेचे, न्यायालयाचे नव्हे.

लग्नाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. धार्मिक विधी, वरात आणि विवाहाशी निगडित सोहळे यांत गाणे वाजवले तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही, असे कलम ५२ सांगते. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग विभागाने हे पुन्हा जाहीर केले. गोवा सरकारने २०२४ च्या आरंभी त्याआधारे परिपत्रक काढले; ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. परिपत्रकाने कायद्याची व्याप्ती वाढवता येत नाही, हे एका निवृत्त अधिकाऱ्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आम्ही ते अनेकदा करून पाहिलेले असते. मूळ सवलत मात्र कायद्यात शाबूत आहे. मग स्थिती अशी होते: वरातीत हजार माणसांसमोर गाणे वाजले तर चालते, त्याच वरातीची चित्रफीत आत्याला दिसावी म्हणून मंचावर ठेवली, की त्या सवलतीचा आधार संपतो.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी केलेल्या रचनेवरील कवी-संगीतकारांचा हक्क निर्मात्याकडे जातो असे ठरवले. त्यानंतरची पस्तीस वर्षे गाणी अजरामर होत राहिली आणि ती लिहिणाऱ्यांच्या हाती फारसे काही पडले नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला आणि २०१२ मध्ये मानधनाचा हक्क विकता न येण्याजोगा झाला. तेव्हा ‘जुने गाणे आहे, सर्वांचेच आहे’ हा भाबडा युक्तिवाद मी करणार नाही. साहिर यांच्या शब्दांचे मोल द्यायलाच हवे. पण आवाज बंद केल्याने ते कोणाला मिळाले? मंचांचे संगीत कंपन्यांशी करार असतात. मंचाने पुरवलेल्या यादीतून निवडलेले गाणे चालते, आणि घरातील कॅसेटवरून घेतलेले तेच गाणे अडते. येथे कलावंताचे रक्षण होत नाही, दोन कंपन्यांमधील कराराचे होते.

कायद्यात एक तरतूद आहे जिचा कोणी फारसा उच्चार करीत नाही. हक्कधारकाने लेखी तक्रार केली तर मंचाने ३६ तासांत मजकूर थांबवायचा. परंतु २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. दावेदाराने दावा सिद्ध करण्याची तसदी घ्यावी, हा त्यामागील विचार. यंत्राने केलेली ओळख ही ‘लेखी तक्रार’ नसल्याने या २१ दिवसांची घटिका सुरूच होत नाही. संसदेने केलेली समतोलाची व्यवस्था सेवाशर्तींच्या एका परिच्छेदाने निष्प्रभ केली आहे.

यावर मोठ्या आयोगाची गरज नाही. यंत्राच्या दाव्यालाही लेखी तक्रारीची शिस्त लावावी: कोणता हक्क, कोणत्या वर्षीचे प्रकाशन, हे सांगणे बंधनकारक. मुदत संपलेल्या ध्वनिमुद्रणांची सूची कॉपीराइट कार्यालयाने सर्वांसाठी खुली ठेवावी. आणि बिगरव्यावसायिक घरगुती चित्रफितींसाठी मंचांनी एकरकमी मोबदला कॉपीराइट संस्थांकडे भरावा. त्यातील वाटा कवी-संगीतकारांच्या वारसांपर्यंत पोहोचतो की नाही, याचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. शेवटची अट सर्वांत अवघड ठरेल. अशा संस्थांच्या अंतर्गत वाटपाविषयीच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि वाटपच फसले तर घरगुती वापराला सवलत देण्याचा नैतिक आधारही कोसळतो.

पुतणीने हरकत नोंदवली. ती तपासासाठी दावेदाराकडेच गेली आणि नाकारली गेली. पाटण्यात बंधूंनी चित्रफीत पेनड्राइव्ह लावून गाण्यासह पाहिली. टोरांटोच्या भाचीला ती मुकी मिळाली. तिने फोन केला, ‘मामाजी, गाणे कोणते होते?’ त्यांनी दोन कडवी फोनवरच म्हणून दाखवली. मी शेजारी बसलो होतो. खासगी वापर म्हणून ते कलम ५२ मध्ये बसते.